शनीच्या कड्यांवरून धावणारी एसटी आणि सुटलेले पापुद्रे

मुलाच्या खोलीतील दहा फूट रुंद भिंतीवर मी शनीच्या कड्यांवरून धावणारी लाल एसटी रंगवली होती. तिचा वाहक चार हातांचा यंत्रमानव होता आणि टपावर फणसांच्या जोडीला एक धूमकेतूही बांधलेला होता. मात्र तिसऱ्याच दिवशी, रेषा सरळ यावी म्हणून लावलेली चिकटपट्टी काढताना तिच्याबरोबर अर्धा शनी पापुद्र्यासारखा सोलून निघाला.

दोष रंगाचा नव्हता. खालचा थर जुन्या, स्वस्त डिस्टेंपरचा होता आणि त्यावरून तळहात फिरवला की पांढरी भुकटी हाताला लागत असे. अशा भुकटीवर अ‍ॅक्रिलिक रंगाचा पडदा तयार होतो खरा, पण तो भिंतीला न धरता त्या सैल थरालाच धरतो. ही तळहाताची परीक्षा आधी केली असती, तर दोन रविवार वाचले असते.

मग भिंत ओली करून पत्र्याने खरवडली, पुसून पूर्ण वाळू दिली, प्रायमर, पुट्टी, घासकाम आणि पुन्हा प्रायमर असा क्रम पाळला. मूळ चित्रावर एक इंचाचे आणि भिंतीवर एक फुटाचे चौकोन आखल्यामुळे कड्यांची लंबवर्तुळे दुसऱ्या खेपेस अधिक नेटकी उतरली. चिकटपट्टी या वेळी रंग किंचित ओला असतानाच, तिरकी ओढून काढली. वाहकाचा चौथा हात मात्र मुलाने स्वतः रंगवला असून तो इतर तिन्ही हातांहून बराच लांब आहे.