बास्केटबॉलचा पास शिकवताय? तिसरी-चौथीच्या मुलांसोबत या चुका टाळा

पीटीच्या तासाला पास शिकवायचा म्हटलं की बहुतेक शाळांच्या मैदानावर एकच चित्र दिसतं. मुलांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या. शिट्टी वाजली की एकाने छातीपासून बॉल ढकलायचा, समोरच्याने झेलायचा आणि पळत जाऊन रांगेच्या शेवटी उभं राहायचं. वर्गात चाळीस मुलं आणि बॉल दोन, म्हणजे एकदा हात लागला की पुढची वीस मुलं होईपर्यंत नुसतं उभं राहणं. मागची मुलं एकमेकांना ढकलायला लागतात आणि सरांचा अर्धा तास त्यांना गप्प करण्यात जातो.

नंतर मॅच लावली की रांगेत छान पास देणारी हीच मुलं बॉलच्या मागे घोळक्याने धावतात. ज्याच्या हातात बॉल तो एकटाच रिंगकडे सुटतो. मग वाटतं, मुलांचा पास अजून कच्चा आहे, रांगेत आणखी घोटून घेऊ. पण कच्चेपणा हातात नसतोच. रांगेत मुलाला काहीच ठरवावं लागत नाही. पास कोणाला द्यायचा, कधी द्यायचा आणि कुठे द्यायचा, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. खरा पास म्हणजे हे तीन निर्णय. ते मुलांना स्वतः घ्यावे लागतील असा खेळ मांडणं हे शिकवणाऱ्याचं काम. खालच्या बहुतेक चुका तिथेच होतात.

ड्रिबल आधी, पास नंतर

मुलांना ड्रिबल, म्हणजे टप्पे मारत बॉल पुढे नेणं, फार आवडतं, त्यामुळे सुरुवात तिथून होते. एकदा ती चटक लागली की बॉल हातातून सुटत नाही. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला हा खेळ तयार केला, तेव्हा त्यांच्या १३ नियमांत ड्रिबल नव्हतंच. बॉल घेऊन पळायचं नाही, जिथे झेलला तिथूनच टाकायचा, असा स्पष्ट नियम होता. मुळात हा पासचाच खेळ. त्यामुळे पहिले काही आठवडे ड्रिबल पूर्ण बंद ठेवलं तर खेळाचं काहीही बिघडत नाही. उलट बॉल हातात आला की मान आपोआप वर होते आणि डोळे भिडू शोधायला लागतात.

मोठ्यांचा बॉल

शाळेच्या कपाटात बहुधा ७ नंबरचा बॉल असतो. त्याचं वजन ६०० ग्रॅमच्या आसपास. आठ वर्षांच्या मुलाला तो छातीपासून तीन-चार मीटर ढकलणं जड जातं, म्हणून ते कमरेत वाकतं आणि खांद्यावरून एका हाताने फेकतं. आपण ओरडतो, ‘कोपर आत! दोन्ही हात!’ ताकदच पुरत नसेल तर ओरडून काय होणार? १२ वर्षांपर्यंतच्या मिनी बास्केटबॉलला ५ नंबरचा बॉल वापरतात. त्याचा घेर ६९ ते ७१ सेंमी आणि वजन ४७० ते ५०० ग्रॅम. तिसरीच्या मुलांना तोही जड वाटू शकतो. त्यांना ३ नंबरचा बॉल द्या. नसेल तर व्हॉलीबॉल घ्या, रबरी बॉल घ्या. पास शिकायला बॉलवर ‘बास्केटबॉल’ लिहिलेलं असावं लागत नाही, आणि असे चार-पाच बॉल जमवले की रांगांचा प्रश्नही निम्मा सुटतो.

हवा तपासायचीही सवय ठेवा. खांद्याच्या उंचीवरून सोडलेला बॉल कमरेपर्यंत तरी वर यायला हवा. त्याहून खाली राहिला तर टप्प्याचा पास, म्हणजे जमिनीवर एक टप्पा पाडून दिलेला पास, शिकवण्यात अर्थ नाही. फार वर उसळला तर तो मुलांच्या बोटांना लागणार. पंपाची पिन घालण्याआधी ओली करून घ्या, म्हणजे ब्लॅडरचं तोंड फाटत नाही.

झेलायला शिकवलंच नाही

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बॉल येताना एखादं मूल काय करतं ते जवळून बघा. आधी मान एका बाजूला वळते, डोळे मिटतात, दोन्ही तळवे सरळ समोर येतात आणि बोटं ताठ होतात, जणू काही अडवायचंय. बॉल बोटांच्या टोकांवर आदळतो, बोट दुखतं, आणि पुढच्या वेळी मान आणखी लवकर वळते. या मुलाला ‘घाबरू नको’ सांगून उपयोग नसतो. त्याची भीती रास्त आहे, कारण त्याला खरंच लागलेलं आहे.

त्याला मऊ बॉल द्या. जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून केलेलाही चालेल. दोन मीटरवरून, टप्पा पाडून द्या, कारण टप्प्याने बॉलचा वेग मरतो आणि तो कुठून येतोय हे डोळ्यांना कळायला वेळ मिळतो. हात पुढे, बोटं फाकलेली आणि सैल, आणि बॉल हाताला लागला की कोपरं दुमडत तो छातीशी आणायचा. हे सांगत बसण्यापेक्षा एक खेळ लावा: बॉल झेलताना आवाज झाला नाही तर एक गुण. ‘फट्’ असा आवाज आला तर गुण नाही. मुलं आपणहून हात मऊ ठेवायला लागतात, आणि देणाराही बेताने देतो, कारण गुण दोघांचा असतो.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पास जोरात गेला की आपण टाळ्या वाजवतो, आणि मुलं समजतात की चांगला पास म्हणजे जोरदार पास. गुण नेहमी झेलल्यावर द्या. समोरच्याच्या हातात नीट बसला तरच तो पास.

बोटाला बॉल लागलाच तर आपल्याकडे बोट ओढून ‘बसवायची’ पद्धत आहे. ती कृपा करून बंद करा. गार पाणी किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा, मुलाला बाजूला बसवा. बोट वाकत नसेल, वाकडं दिसत असेल किंवा सूज वाढत असेल तर पालकांना कळवून डॉक्टरकडे न्या.

बाद करणारे खेळ

पास चुकला की बाद, मग कडेला बसा. अशा खेळात ज्याला सरावाची सर्वात जास्त गरज तो सर्वात आधी बाहेर जातो. त्याऐवजी विषामृत घ्या. मुलांना ते गल्लीतूनच माहीत असतं, नियम समजावण्यात वेळ जात नाही. ज्याच्यावर राज्य त्याने शिवलं की गडी ‘विष’ होऊन तिथेच उभा राहतो, पण हात छातीसमोर बॉल मागण्याच्या तयारीत ठेवून. मोकळ्या भिडूने त्याला पास द्यायचा, त्याने तो झेलून परत द्यायचा, की ‘अमृत’. वीस मुलांत तीन-चार बॉल फिरते ठेवा. कोणी बाहेर बसत नाही, आणि अडकलेल्याला शोधायला सगळ्यांची नजर मैदानभर फिरते. इथे बॉल हातात घेऊन पळायला मोकळीक द्या, पावलं मोजू नका.

विरोधक फार लवकर, फार जास्त

‘दहा पास’ हा उत्तम खेळ आहे: एका संघाने बॉल न गमावता आपसात दहा पास पूर्ण करायचे. पण तो थेट पाच विरुद्ध पाच लावला की फसतो. तिसरीच्या मुलाला नऊ जणांची धावपळ एकदम वाचता येत नाही, आणि तो डोळे मिटून बॉल फेकून मोकळा होतो. फक्कीने सात-आठ मीटरचा चौकोन आखा आणि तीन विरुद्ध एकपासून सुरुवात करा. जमायला लागलं की चार विरुद्ध दोन, आणि बऱ्याच पुढे तीन विरुद्ध तीन. विरोधकाने हातभर लांब राहायचं, हातातला बॉल हिसकायचा नाही. ज्याने पास दिला त्यालाच लगेच परत द्यायचा नाही, हा नियम घाला, नाहीतर दोन मित्र आपसात दहा पास उरकतात आणि तिसरा नुसता बघत राहतो.

दहा फार वाटले तर पाचच ठेवा. आकड्यासाठी खेळ अडू देऊ नका.

मैदानावर ऐनवेळी येणाऱ्या अडचणी

सगळे बॉलभोवती जमतात. ‘पसरा, पसरा’ म्हणून घसा बसतो, पण मुलांना पसरायचं म्हणजे कुठे जायचं ते दिसत नाही. चौकोनाचे चार भाग आखा. एका भागात एका संघाचा एकच गडी थांबू शकतो. आता सरकण्याशिवाय मार्ग नाही.

सगळे ‘दे, दे, मला दे!’ ओरडतात आणि जागचं कोणी हलत नाही. एक डाव मुका खेळा. तोंड बंद, बॉल मागायचा तो मोकळ्या जागेत जाऊन, हात दाखवून. पहिली दोन मिनिटं गोंधळ होतो. मग मुलं एकमेकांच्या डोळ्यांकडे बघायला लागतात, आणि खऱ्या मॅचमध्येही तेच उपयोगी पडतं.

मुलगे मुलींना पास देत नाहीत, किंवा एखाद्या कमकुवत मुलाला कोणीच देत नाही. यावर ‘सगळ्यांनी बॉलला हात लावलाच पाहिजे’ असा नियम करणारे बरेच जण आहेत. मला तो पटत नाही. शेवटी कोण उरलंय हे विरोधकांना कळतं, सगळे त्याच मुलाला घेरतात आणि पास चुकला की खापर त्याच्यावर फुटतं. संघ तीनचा ठेवा. तिघांत कोणाला टाळून खेळताच येत नाही.

टप्प्याचा पास उंच उडून हळू जातो. मूल बॉल आपल्याच पायाशी आपटतं आहे. दोघांमधल्या अंतराच्या साधारण दोन तृतीयांशावर, म्हणजे झेलणाऱ्याच्या जवळ, फक्कीचा गोल काढा आणि तिथे टप्पा पाडायला सांगा. मैदान खडीचं असेल तर हा सराव व्हरांड्यात किंवा फरशीवर घ्या. खड्यावर पडलेला बॉल कुठेही जातो आणि दोष मुलाला लागतो.

प्रत्येक पावलाला ‘ट्रॅव्हल!’ (बॉल हातात धरून चालण्याची चूक) म्हणून शिट्टी वाजवू नका. एक पाय जमिनीला खिळलेला, दुसऱ्याने हवं तसं वळायचं, एवढं दाखवा आणि अडखळत टाकलेली एक-दोन पावलं सोडून द्या. बॉल झेलून थांबणं हेच या वयात अवघड असतं.

रिंगची घाई

३.०५ मीटरवरची रिंग दिसली की पास संपतो, सगळे तिथूनच बॉल भिरकावतात. मिनी बास्केटबॉलची रिंगही २.६० मीटरवर असते आणि ती बहुतेक शाळांत नसतेच. सुरुवातीला रिंग विसरा. मैदानाच्या दोन्ही टोकांना फक्कीचा मोठा गोल काढा, प्रत्येक संघाचा एक भिडू त्यात उभा. त्याच्यापर्यंत बॉल पासनेच पोचवायचा, त्याने झेलला की एक गुण, आणि पोचवणारा त्याच्या जागी गोलात जातो. विरोधकांना त्या गोलात पाय ठेवायला बंदी.

हा खेळ सुरळीत चालायला लागला, मुलं न सांगता मोकळी जागा शोधायला लागली, की ड्रिबलला परवानगी द्या, पण हातात बॉल आल्यावर दोनच टप्प्यांची. दोन टप्प्यांत भिडू सापडला नाही तर थांबून पास. घोळका पुन्हा जमायला लागला तर एक तास ड्रिबल परत बंद ठेवा.