डोळ्यांनी संगणक चालवायचाय? आधी पश्चिमेची खिडकी झाका

"नजरेनं कॉम्प्युटर चालतो म्हणे, मग आमच्याकडं का चालंना?" हा प्रश्न घेऊन वर्षातनं चार-दोन जण तरी माझ्याकडं येतात. यंत्र चांगलं असतं, डोळेही चांगले असतात, मांडणी चुकलेली असते. मी हे शिकलो ते मामासाठी. उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेला माणूस. मोटर न्यूरॉनच्या आजारात आधी हात गेले, मग बोलणं गेलं. या आजारात डोळे हलवणारे स्नायू बहुधा बराच काळ टिकतात, म्हणून हा मार्ग धरला. (येणारा प्रत्येक जण "हॉकिंगसारखं" असं म्हणतो. याच आजाराचे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग गालाच्या स्नायूनं अक्षरं निवडत, डोळ्यांनी नाही.)

नजर टिपणारी इन्फ्रारेड कॅमेऱ्याची पट्टी घ्या. साध्या वेबकॅमवर चालणारी फुकटची सॉफ्टवेअरं मोठी बटणं निवडण्यापुरती ठीक आहेत, त्यावरनं या तंत्राची परीक्षा करू नका. पट्टी स्क्रीनच्या खालच्या कडेला, बरोबर मध्ये चिकटवा. केबल थेट कॉम्प्युटरच्या यूएसबीला लावा, मधे हब नको. ड्रायव्हर, म्हणजे पट्टी चालवणारं सॉफ्टवेअर, टाका. नजरेनं पॉइंटर हलवायला आणि टाइप करायला विंडोजमध्ये २०१७ पासून 'आय कंट्रोल' आहे आणि 'ऑप्टिकी' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आपल्या पट्टीवर यातलं काय चालतं ते विकत घेण्याआधी विचारा.

आता उजेड. पट्टी डोळ्यावर इन्फ्रारेड प्रकाश टाकते. बुबुळावर त्याची चमक कुठं पडली आणि बाहुली कुठं आहे, यावरनं नजर कुठं लागली ते ठरवते. उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतो. मामाची खोली पश्चिमेची. दिवसभर सगळं झकास चालायचं आणि पाच वाजले की पॉइंटर पिसाळायचा. मी ड्रायव्हर दोनदा काढून परत टाकला, केबल बदलली, विकणाऱ्याशी भांडलो. शेवटी मामी पडदा ओढायला उठली आणि पॉइंटर जागेवर आला. अंबाबाईच्या किरणोत्सवाला मावळतीच्या किरणांच्या वाटेतले अडथळे हटवायची धडपड चालते, इथं अडथळा आपणच घालायचा. झिरझिरीत पडदा नको, जाड चादर टाका. खोलीत जुना तारेचा पिवळा बल्ब असेल तर तोही काढा. एलईडी ट्यूबचा त्रास नाही.

आणि आता कॅलिब्रेशन, म्हणजे पट्टीला त्या माणसाच्या डोळ्यांची ओळख करून देणं. सगळी घरं इथंच हरतात.

स्क्रीनवर एकेक ठिपका येतो, त्याकडं बघायचं, दोन मिनिटांत काम संपतं आणि 'यशस्वी' अशी पाटी येते. त्या पाटीवर विश्वास ठेवू नका. पहिल्या दिवशी मी स्वतः खुर्चीत बसलो, "हे बघ मामा, असं करायचं" म्हणून ठिपके पुरे केले आणि मामाला बसवलं. पॉइंटर दोन बोटं डावीकडं. आठवडाभर मी त्यालाच सांगत होतो, जरा उजवीकडं बघ. प्रत्येकाच्या डोळ्याची घडण वेगळी असते, आणि ते प्रोफाइल, म्हणजे साठवलेलं कॅलिब्रेशन, माझं होतं. मामाला बोलता येत असतं तर काय ऐकवलं असतं ते इथं लिहिता येणार नाही.

दुसरी चूक बसण्याची. "ताठ बसा, अजिबात हलू नका" हा सल्ला देणाऱ्याला खोलीबाहेर काढा. माणूस अवघडून बसतो, कॅलिब्रेशन त्या अवघडलेल्या बैठकीत होतं आणि पाच मिनिटांनी तो सैल पडला की सगळं सरकतं. ज्या बैठकीत तो तासभर राहणार, त्याच बैठकीत करा. मान थोडी हलली तर पट्टी सांभाळून घेते. आधी सॉफ्टवेअरमधली डोळ्यांची जागा दाखवणारी चौकट उघडा आणि दोन्ही डोळे मधोमध, न लुकलुकता दिसतात का बघा. अंतर साधारण साठ सेंटिमीटर. पलंगावर रेलून बसत असेल तर स्क्रीनच तिरका करा, माणसाला नको. खुर्चीचं आणि पलंगाचं प्रोफाइल वेगळं ठेवा.

तिसरी गोष्ट चष्मा. दोन नंबरांच्या चष्म्याची रेघ बाहुलीच्या आड येते आणि स्क्रीनच्या खालच्या भागात नेम चुकतो. स्क्रीनच्या अंतराचा एकाच नंबराचा चष्मा करून घ्या. सॉफ्टवेअरवर डोकं फोडण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. काच पुसा, हे सांगायला नको, पण सांगतो.

ठिपके चालू असताना तोंड बंद ठेवा. "आता वर, आता खाली" म्हटलं की माणूस ठिपका येण्याआधीच तिकडं बघतो. झाल्यावर चारही कोपऱ्यांतल्या चिन्हांकडं बघायला सांगा. एखादाच कोपरा चुकत असेल तर बहुतेक वेळा चष्मा किंवा स्क्रीनचा तिरकेपणा. सगळीकडं सारखंच सरकत असेल तर बैठक बदललीय किंवा प्रोफाइल दुसऱ्याचं आहे.

सगळं नीट झालं तरी साधारण अर्धा ते एक अंशाची चूक राहतेच. साठ सेंटिमीटरवर एक अंश म्हणजे जवळपास एक सेंटिमीटर. कोपऱ्यातली बारीक फुली नजरेनं दाबता येत नाही, यात कुणाचा दोष नाही. म्हणून सगळं मोठं दिसावं यासाठी डिस्प्लेचं स्केल १५० टक्के करा, गरज पडली तर १७५.

क्लिकसाठी नजर थांबवण्याचीच पद्धत ठेवा, म्हणजे एका जागी ठरावीक वेळ बघितलं की क्लिक. पापणी मिटून क्लिक दाखवायला भारी वाटतं, पण पापण्या आपसूक मिटतच असतात. सुरुवातीला एक-सव्वा सेकंद ठेवा. कमी ठेवलं की वाचायला जाईल तिथं काहीतरी उघडत बसतं.

मराठी टायपिंगला विंडोजचाच ऑन-स्क्रीन कीबोर्ड चालतो. भाषा मराठी करा, कोपरा ओढून तो मोठा करा आणि पर्यायांत पॉइंटर थांबला की अक्षर उमटायची सोय चालू करा. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत 'कोल्हापूर' लिहायला नऊ वेळा थांबावं लागतं, त्यात एकदा हलंतावर. म्हणून रोजची वाक्यं आधीच फाइलीत लिहून ठेवा. मामाच्या फाइलीत पहिलं वाक्य आहे, "चहात साखर घाल".

वीस-पंचवीस मिनिटांनी विश्रांती हवीच. टक लावून बघताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. थेंब घालायचे की नाही ते डॉक्टरांना विचारा. नजर तात्पुरती बंद करायचं बटण स्क्रीनवर कायम राहू द्या. मामाचं उजवीकडं खाली आहे. आधी वर ठेवलं होतं, तर भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं की दर वेळी सगळं बंद पडायचं.