जिप्सीची मागची बाकडी काढून पुढे तोंडाची सीट बसवताना

मारुती जिप्सीच्या मागच्या बाकड्यावर बसून पुण्याहून महाबळेश्वर गाठलेला माणूस येताना पुढची सीट मागतो. बहुतेक मालक मग कुशनवाल्याकडे जातात आणि जाड फोम भरून घेतात. त्याने फारसा फरक पडत नाही, कारण दोष गादीचा नाहीच. दोन्ही बाकडी चाकांच्या कमानींवर, म्हणजे जवळजवळ मागच्या अ‍ॅक्सलच्या डोक्यावर आहेत आणि खाली कडक पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा आहेत. शिवाय तोंड आडवं, त्यामुळे ब्रेक लागला की माणूस शेजाऱ्याच्या अंगावर जातो. सीट पुढे तोंडाची करून अ‍ॅक्सलच्या जितकी पुढे आणता येईल तितकी आणली, तरच खरा आराम मिळतो. म्हणून आधी टेप, मग फॅब्रिकेटर आणि सगळ्यात शेवटी कुशनवाला.

त्याआधी कागदाचं बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदींशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही आणि आसनक्षमता ही आरसीवरची नोंद आहे. मागे सहाऐवजी दोन माणसं बसणार असतील तर आधी आरटीओत विचारा, नोंद बदलून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. जिप्सीचं उत्पादन थांबून काही वर्षं झाली, त्यामुळे रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्या पंधरा वर्षांच्या पुनर्नोंदणीला आलेल्या किंवा त्यातून गेलेल्या असतात. तपासणीत सीट बघतात. मूळ बाकडी, त्यांचे ब्रॅकेट आणि बोल्ट भंगारात देऊ नका, गोणपाटात बांधून माळ्यावर टाका.

बाकड्यांचे बोल्ट हमखास गंजलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि सकाळी रिंग पाना लावा. ओपन पान्याने डोकं गोल झालं की ग्राइंडरशिवाय इलाज नाही, आणि मागच्या फ्लोअरखाली पेट्रोलची टाकी आहे. ठिणगी उडणारं कुठलंही काम टाकी उतरवल्याशिवाय करायचं नाही.

बाकडी निघाली की मॅटिंगही पूर्ण उचला. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने फ्लोअर ठोकत जा. चांगला पत्रा टणटणतो, कुजलेला भदभद वाजतो. कमानीच्या पायथ्याचा जोड आणि फाळक्याजवळची पट्टी या दोन ठिकाणी पाणी साचतं, तिथे टोकाने टोचून बघा. टोक आत गेलं तर सीटचं काम थांबवून आधी पत्राकाम करून घ्या. कुजक्या पत्र्यावर प्लेट ठोकून वेळ मारून नेणारे कारागीर आहेत. अशी सीट एरवी हलतही नाही, पण धडकेत पत्र्याच्या तुकड्यासकट उपटून येते.

आता मापं. एका माणसाला ४५ सेंमी रुंदी धरा. दोन कमानींमध्ये ९० सेंमीच्या आसपास जागा मिळाली तर दोनच माणसं, तिसऱ्याचा मोह नको. भंगारातली एखाद्या कारची अख्खी मागची सीट आणून बसवायचा विचार इथेच अडतो. ती कमानींमध्ये मावत नाही, मग उंच स्टँडवर चढवली जाते आणि डोकं हुडाच्या, म्हणजे कापडी छताच्या पाइपला लागतं. सीटचा पृष्ठभाग फ्लोअरपासून ३० ते ३५ सेंमी, खोली ४२ ते ४५ सेंमी आणि पाठ उभ्या रेषेपासून १२ ते १५ अंश मागे कललेली ठेवा. पुढची सीट ड्रायव्हरच्या नेहमीच्या जागी ठेवून तिच्या पाठीपासून मागच्या पाठीपर्यंत किमान ६५ सेंमी सुटले पाहिजेत, नाहीतर गुडघे घासतात. बसल्या जागेपासून छताच्या पाइपपर्यंत ९५ सेंमी ठेवा. ही जागा फोम दबल्यावरची मोजायची.

कागदावर सगळं जमतं, म्हणून फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणि दोन विटा घेऊन खोटी सीट उभी करा. घरातल्या सगळ्यात उंच माणसाला त्यावर बसवा आणि पुढच्या दरवाज्यातून आत-बाहेर करायला लावा. डावी पुढची सीट पुरेशी झुकत नसेल तर ते आत्ताच कळेल. मागच्या फाळक्यावरून पाठ ओलांडून आत यायचं ठरवलं असेल, तर साडी नेसलेल्या आजींना ते जमेल का, हेही बघा.

फ्रेमसाठी २५×२५ मिमीचा, २ मिमी जाडीचा एमएस (साध्या पोलादाचा) चौकोनी पाइप पुरतो. वेल्डरकडे १४ गेज मागा. १८ गेजचा हलका पाइप वेल्डिंगच्या तोंडाशी जळतो आणि सहा महिन्यांत तिथेच चिरतो. सीटची चौकट, मधे दोन आडवे, पाठीची चौकट आणि पाठीतून खाली येणारे तिरके टेकू अशी रचना करा. टेकू विसरला तर पाठीला धरणारे फक्त दोन कोपऱ्यांचे सांधे उरतात. वेल्डिंगचे सगळे टाके आधी गाडीत बसवून मारू नका. पुठ्ठ्याचं माप घेऊन फ्रेम बाहेर तयार करा, आत फक्त बसवून बघा. गाडीत एखादा टाका मारावाच लागला तर टाकी उतरलेली हवी आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटलेली हवी. एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक इंधन इंजेक्शनच्या) गाडीत ईसीएमचा, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरचा कनेक्टरही काढा.

फ्रेम कशाला बांधायची, इथे सगळ्यात जास्त चुका होतात. जिप्सीची बॉडी शिडीसारख्या चासीवर रबरी बुशांवर बसलेली असते आणि खडबडीत रस्त्यावर दोघी वेगवेगळ्या हलतात. सीटचे पुढचे पाय फ्लोअरला आणि मागचे पाय लांब बोल्टने थेट चासीला, असा ‘मजबूत’ जुगाड केला की तीच हालचाल सीटच्या सांध्यांवर येते आणि फ्लोअर बोल्टभोवती फाटतो. सगळे पाय बॉडीलाच बांधा, फक्त जागा अशी निवडा की खाली बॉडीची आडवी पट्टी किंवा बॉडी माउंट, म्हणजे बॉडी चासीवर टेकते ती जागा, जवळ असेल.

प्रत्येक पायाला एम१० चा ८.८ ग्रेडचा बोल्ट लावा. डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं, ते नसेल तर घेऊ नका. पत्र्याच्या खालून ७५×७५ मिमीची, ४ मिमी जाडीची प्लेट, मग वायसर, मग नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, हादऱ्याने न सुटणारा). प्लेटचे कोपरे गोल घासा, कारण टोकदार कोपराच पत्रा कापतो. भोक पाडण्याआधी खाली वाकून ब्रेकचा पाइप, पेट्रोलची लाइन, वायरिंग आणि टाकी कुठे आहे ते खडूने फ्लोअरवर वरून आखा. ड्रिल आधी ३ मिमी, मग ६, मग १०.५. ड्रिलच्या बिटावर लाकडी ठोकळ्याचा अडसर लावा, म्हणजे पत्रा सुटताच बीट फक्त एक सेंमी खाली जाईल. भोकाची कड घासून रेड ऑक्साइड लावा, वाळू द्या आणि प्लेट पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटवर बसवा. सीलंट टाळलं तर पहिल्याच पावसाळ्यात प्लेट आणि पत्रा यांच्यामध्ये पाणी अडकतं आणि गंज नेमका तिथे धरतो जिथे दिसत नाही. बोल्ट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) ४५ न्यूटन-मीटरला आवळा.

पुढे तोंडाची सीट झाली की बेल्ट आलाच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३८ मधल्या बेल्ट लावायच्या सक्तीत पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवरचे प्रवासीही येतात. युरोपच्या आर १४ चाचणीत कारच्या बेल्टच्या जागांवर एका माणसामागे खांद्याच्या पट्ट्याला सुमारे १३५० किलोचा आणि त्याच वेळी कमरेच्या पट्ट्याला तितकाच ओढा देतात. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला की उघड्या पत्र्याला वायसर लावून बेल्ट टांगायची हिंमत होत नाही. बेल्टचे बोल्ट ७/१६ इंच यूएनएफ (इंची मापाच्या बारीक) आट्याचे असतात. त्यांच्या जागी एम१० ठोकू नका, आट्याची प्लेटच विकत आणून खालून लावा. खालची दोन टोकं सीटच्या फ्रेमला नाही, फ्लोअरला घ्या. वरचं टोक खांद्याच्या उंचीला किंवा त्याहून वर हवं. ते खाली गेलं तर धडकेत पट्टा मणक्याला खाली दाबतो. सॉफ्ट टॉपमध्ये, म्हणजे कापडी छताच्या गाडीत, वरच्या टोकाला जागाच नसते, त्यामुळे नीट पाय बांधलेला रोलबार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पाइपची कमान) असेल तरच तीन टोकांचा बेल्ट. तो नसेल तर दोन टोकांचा कमरेचा बेल्ट लावा आणि त्याची मर्यादा ओळखून असा. बाजारात बसवलेल्या फायबरच्या टॉपमध्ये बेल्टचा बोल्ट कधीच घेऊ नका.

नवा बेल्ट बसवला आणि ओढला तर बाहेरच येत नाही, अशी तक्रार नेहमीची. बेल्ट खराब नसतो, रीळ तिरकं बसलेलं असतं. आतला लोलक कल ओळखून कुलूप लावतो, म्हणून रीळ त्याच्यावर दिलेल्या कोनातच बसलं पाहिजे. अपघातातल्या गाडीचा बेल्ट फुकट मिळाला तरी नको.

आता गादी. खाली १२ मिमीचा आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय. साधा प्लाय सॉफ्ट टॉपमध्ये दोन पावसाळ्यांत फुगतो. प्लायला दहा-बारा भोकं पाडा, म्हणजे आत गेलेलं पाणी खाली उतरेल आणि बसल्यावर हवाही सुटेल. बसायला ४० डेन्सिटीचा ७५ ते १०० मिमी फोम आणि पाठीला ३२ डेन्सिटीचा ५० मिमी. कुशनवाला ‘सॉफ्ट हवा का’ विचारेल, नाही म्हणा. मऊ फोम खड्ड्यात पूर्ण दबतो आणि माणूस थेट प्लायवर आदळतो. वर जाड रेक्झिन आणि शिलाईला नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा दोरा, सुती नको, तो कुजतो. पाइपिंग, म्हणजे शिवणीवरची गोल पट्टी, पुढच्या कडेला मांडीखाली येऊ देऊ नका. दोन तास बसलं की तिचा वळ उठतो.

सामानासाठी सीट पुढे दुमडायची असेल तर पुढच्या बाजूला बिजागऱ्या आणि मागे दोन कुलुपं. घराच्या दाराची बिजागरी चालत नाही, किमान १० मिमी पिनेची जाड पट्टीची घ्या. कुलूप कारच्या भंगारातलं सीटचंच आणा. साध्या कडीला थोडी ढील असते, ती खडखडत राहते आणि रोज थोडी मोठी होते. सीटखाली जॅक आणि पाने ठेवणार असाल तर त्यांना पट्ट्याने बांधा.

ताडोबाच्या सफारीतल्या जिप्सींना मागे उंच पायऱ्यांच्या सीट असतात आणि फोटो बघून तशाच करून मागणारे भेटतात. त्या जंगलातल्या संथ चालीसाठी, उघड्या टपाच्या गाडीत वाघ दिसावा म्हणून केलेल्या आहेत. हायवेवर तेवढं वजन तेवढ्या उंचीवर नेलं की आधीच अरुंद असलेली गाडी वळणावर झुकते.

बसवून झाल्यावर पाठीचा वरचा पाइप दोन्ही हातांनी धरून पाय रोवून पुढे-मागे झटका द्या, दुसऱ्याला गाडीखाली बघायला सांगा. प्लेटजवळचा पत्रा डबडबताना दिसला तर मोठी प्लेट लावा, बोल्ट आणखी आवळून उपयोग नाही. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा आणि प्रत्येक नटावर रंगाची एक रेघ ओढून ठेवा. पुढच्या वेळी सर्व्हिसला गाडी रॅम्पवर चढली की रेघ सरकली का, एवढंच बघायचं.