आमरसाचा डबा: या चुका टाळा

मे-जूनमध्ये रत्नागिरी-देवगडहून हापूसच्या रसाचे डबे येतात आणि गणपतीला, दिवाळीला फोडायचे म्हणून माळ्यावर चढतात. पहिली चूक तिथेच होते. पत्र्याखालचा माळा, फ्रिजचा माथा, गॅसशेजारचं कपाट या सगळ्या जागा तापतात. उष्णतेने रसाचा रंग आणि वास उतरतो, शिवाय त्यातलं आम्ल डब्याच्या आतल्या धातूला लवकर खातं. घरातलं थंड, कोरडं, अंधारं फडताळ सगळ्यात चांगलं. पावसाळ्यात डबे फरशीवर ठेवू नका, खालून गंजतात. फडक्याने पुसून निघणारा गंज चालतो. खड्डे पडले असतील तर तो डबा बाद.

पोचा आलेला डबा सरसकट फेकायला नको. अंगाला हलका पोचा असेल तर चालेल, पण झाकणाच्या किंवा उभ्या जोडावर धारदार चेप असेल तर तिथून हवा आणि जंतू आत शिरतात.

सगळ्यात जास्त जपायचं ते फुगलेल्या डब्यापासून. चांगल्या डब्याचं झाकण किंचित आत ओढलेलं असतं. एक बाजू दाबल्यावर दुसरी टचकन वर येत असेल, तर आत वायू धरलाय. तो यीस्टमुळे आंबून झाला की आम्ल आणि धातूच्या संयोगाने, हे घरी ओळखता येत नाही आणि ओळखायची गरजही नाही. असा डबा फोडूच नका. पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. 'वाया कशाला' म्हणून गाईपुढे तर मुळीच ठेवू नका.

फोडताना हवा आत ओढल्याचा बारीक आवाज येतो, ते चांगलं लक्षण. रस उसळून बाहेर आला, बुडबुडे-फेस दिसला, दारूसारखा किंवा आंबूस वास आला, तर 'बघू जरा' म्हणून बोटभरही चाखू नका. बुरशी वरवर काढून रस उकळणंही चुकीचं आहे, कारण तिचे तंतू खोल जातात आणि काही बुरशींचं विष उकळूनही जात नाही. वरचा थर नुसता काळपट दिसला किंवा थोडं पाणी सुटलं, तर मात्र घाबरू नका. वास ठीक असेल तर रस ढवळून घ्या.

उघडा डबा तसाच फ्रिजमध्ये सरकवण्याची सवय बऱ्याच घरांत आहे. हवा लागली की आंबट रस डब्याच्या धातूला झपाट्याने खायला लागतो आणि रसाला लोखंडी चव येते. उरलेला रस लगेच काचेच्या कोरड्या बरणीत काढा, ओला किंवा उष्टा चमचा घालू नका आणि तीन-चार दिवसांत संपवा. तेवढा खपणार नसेल तर त्याच दिवशी छोट्या डब्यांत भरून फ्रीजरमध्ये टाका, आणि लागेल तेवढाच बाहेर काढा.