डावांच्या विश्लेषणासाठी बुद्धिबळाचे सॉफ्टवेअर कसे निवडावे

सॉफ्टवेअर निवडायला बसले की पहिला प्रश्न हमखास येतो: सर्वांत ताकदवान कोणते? हा प्रश्न बाजूला ठेवा. १९९७ मध्ये तेव्हाच्या जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवायला आयबीएमला डीप ब्लू हा खास महासंगणक लागला होता. आज फोनवर चालणारे स्टॉकफिश हे इंजिन जगज्जेत्यालाही भारी पडते. तुमची चूक यातले कुठलेही इंजिन शोधून देईल. ती चूक का झाली हे तुम्हाला सहज तपासता येते का, निवड त्यावर करायची.

आधी इंजिन आणि पट वेगळे ओळखा

इंजिन म्हणजे चालींचा हिशेब करणारा भाग. त्याला स्वतःचा पट नसतो. पट, डावांची यादी, बाण, टिपा हे दाखवणारे सॉफ्टवेअर निराळे. दोघांचा संवाद बहुधा यूसीआय या ठरलेल्या पद्धतीने चालतो, त्यामुळे एकच इंजिन वेगवेगळ्या पटांना जोडता येते. म्हणूनच महागड्या पॅकेजमधले इंजिन बघून भुलू नका. स्टॉकफिश मोफत आणि मुक्तस्रोत आहे, आणि बहुतेकांना तेवढेच पुरते. लीला चेस झीरो हेही मोफत आहे, पण ते पूर्णपणे न्यूरल नेटवर्कवर चालते आणि चांगले ग्राफिक्स कार्ड नसेल तर फार संथ होते.

मग पट निवडा

नुकतीच सुरुवात करत असाल तर लिचेस या संकेतस्थळापासून करा. ब्राउझरमध्ये उघडते, काही बसवावे लागत नाही, पैसे लागत नाहीत. चेस डॉट कॉमवरचे डावाचे परीक्षण शब्दांत समजावून सांगते, नवख्याला ते आवडते. मात्र मोफत खात्यावर त्याला मर्यादा आहे. अँड्रॉइड फोनवर इंटरनेटशिवाय काम करायचे असेल तर ड्रॉइडफिश. संगणकावर स्वतःच्या डावांचा संग्रह सांभाळायचा असेल तर स्किड व्हर्सेस पीसी किंवा एन क्रॉइसां, दोन्ही मोफत. चेसबेस विकत घ्यावे लागते आणि ते विंडोजसाठी बनवलेले आहे. स्पर्धेआधी प्रतिस्पर्ध्याचे जुने डाव चाळून तयारी करणाऱ्याला त्याचा खरा उपयोग. तशी तयारी करत नसाल तर तो खर्च टाळा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याच हरलेल्या डावावर परीक्षा घ्या

ही पायरी कुणीही गाळू नये. डाव पीजीएन स्वरूपात (चाली मजकूर म्हणून साठवण्याची प्रचलित पद्धत) घ्या आणि इंजिन बंद ठेवून एकदा स्वतः बघा. कुठे गडबडलो असे वाटते तिथे टीप लिहा. ती लिहायला सॉफ्टवेअर अडवत असेल तर ते तुमच्या कामाचे नाही.

आता इंजिन सुरू करा. समजा, पांढऱ्या बाजूने खेळताना कॅसलिंग झाल्यावर तुम्ही राजापुढचे प्यादे दोन घरे ढकललेत आणि इंजिनने स्थितीला दिलेला आकडा (अधिक म्हणजे पांढऱ्याची सरशी, उणे म्हणजे काळ्याची) +०.४ वरून -१.५ वर घसरला. इंजिन त्याच्या मते योग्य ती चाल दाखवते. पण तुमच्या मनात वेगळेच असते: उंटाने तिथे शह दिला तेव्हा मी वजीर मध्ये घातला असता तर? ती चाल पटावर खेळा, उत्तर पाहा, पुन्हा आपली चाल खेळा. मूळ डाव न मोडता अशी उपशाखा तयार होते का? तिच्यावर टीप लिहून पीजीएनमध्ये साठवता येते का? एका वेळी तीन पर्यायी चाली दिसतात का? आणि समोरच्याचा डावपेच दाखवायची सोय आहे का? लिचेसवर इंजिन चालू असताना एक्स ही कळ दाबली, की आत्ता प्रतिस्पर्ध्याची पाळी असती तर त्याने काय केले असते, ते दिसते. ‘मला धोका दिसलाच नाही’ या दुखण्यावर इतका थेट इलाज मला दुसरा माहीत नाही.

आकडे वाचायला शिका

पूर्वी +१ म्हणजे साधारण एका प्याद्याची आघाडी धरत. स्टॉकफिशच्या २०२२ अखेरच्या १५.१ आवृत्तीपासून त्याचा अर्थ, इंजिने आपसांत खेळली तर जिंकण्याची शक्यता ५० टक्के, असा लावलेला आहे. त्यामुळे ०.२ किंवा ०.३ चा फरक सोडून द्या आणि मोठ्या घसरणीवर वेळ घाला. आकडा लगेच खरा मानू नका. शोधाची खोली, म्हणजे इंजिन किती चाली पुढचे पाहते ते, वाढली की तो बदलतो. संगणकावर इंजिनला प्रोसेसरचा एक कोअर सोडून बाकीचे द्या, म्हणजे इतर कामे अडत नाहीत.

डावाच्या शेवटी, दोन्ही राजे धरून पटावर सात किंवा कमी मोहरे उरले की अंदाजाची गरजच राहत नाही. सिझिजी तक्त्यांत अशा स्थितींचे अचूक निकाल आहेत. लिचेसच्या विश्लेषणात ते आयते मिळतात. पाच मोहऱ्यांपर्यंतचे तक्ते उतरवून घेतले तर जेमतेम १ जीबी जागा लागते. सातपर्यंतचे सगळे मात्र कित्येक टेराबाइट भरतात, त्यामुळे ते ऑनलाइनच पाहिलेले बरे.