फ्री एजंट घेताना खिसा सांभाळ भावा

बेसबॉल मॅनेजर गेममध्ये मागच्या सीझनला .340 मारलेला (म्हणजे हजार वेळा बॅटिंगला 340 हिट) फ्री एजंट, म्हणजे कुठल्याच टीमशी करार नसलेला खेळाडू, दिसला की लगेच भुलू नको, मी रंकाळ्यावर भेळ खात खात असाच एक 33 वर्षांचा गडी 5 वर्षांसाठी उचलला आणि पुढच्या सीझनला .220 वर आला की ओ. तिशी ओलांडली असली तर एकाच वर्षाचं काँट्रॅक्ट. मग बीएबीआयपी बघ, म्हणजे होमरन (बॉल थेट मैदानाबाहेर) सोडून मैदानात मारलेल्या बॉलवर किती हिट मिळाले ते, सरासरी .300 च्या आसपास असतंय, याचं .390 दिसलं तर बरचसं नशीबच, पुढं घसरतंय. वॉक (चार बाहेरचे बॉल सोडून फुकट मिळालेला बेस) आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) यांचे आकडे त्यामानानं टिकतात, पैसे तिथं लाव. अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या मैदानावरचे होमरन जरा कमीच धर, उंचावर हवा विरळ, बॉल लई लांब जातोय.