जुन्या घराला खोली वाढवायची? मिस्त्रीच्या आधी हे करा

सगळ्यात आधी चुना आणा न जागेवर आखणी करा. कागदावर 12 बाय 14 भलती मोठी वाटते, जमिनीवर रेघ मारली की कळते, पलंग टाकला तर कपाटाचं दार उघडत नाही. घरच्यांना दोन दिवस त्या रेघांतून जाऊ-येऊ द्या, बायका बरोबर सांगतात सयपाकघरातून न्हाणीकडं जायचा रस्ता कुठं अडून राहिला ते.

आन कूलरचं पाहा बाप्पा! नवी खोली जिथं चिकटवता तिथंच मधल्या खोलीची बाहेरची खिडकी असते, ती बुजली की कूलर लावायचा कुठं? आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, कूलरला बाहेरची हवा पायजे, घरातल्या घरात फिरवला तर नुसती चिकचिक. दुसरी खिडकी कुठं फोडायची ते आत्ताच ठरवा, पण भिंतीवर स्लॅबचा भार असेल तर इंजिनीअरला दाखवल्याशिवाय हातोडा लावू नका. भाव येईपर्यंत कापूस घरातच भरत असाल तर त्याची जागाही आत्ताच धरा, झोपायच्या खोलीत गंजी लावली की अंगाला खाज सुटते, माहीत आहेच.

कागदाचं म्हणाल तर नमुना 8 वर, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घराच्या उताऱ्यावर, नाव कोणाचं ते बघा, ग्रामपंचायतीची परवानगी लेखी घ्या, सरपंच हो म्हणाला एवढ्यावर राहू नका.

आता खरी गोष्ट, सांधा. आमची काळी जमीन, पावसात फुगते न उन्हाळ्यात भेगाळते. जुनं घर बसायचं तेवढं बसलेलं असते, नवं अजून बसायचं असते, आन आम्ही काय केलं तर नवी भिंत जुनीत दात काढून, म्हणजे जुनीच्या एकाआड एक विटा काढून, गुंतवली, मिस्त्री म्हणे मजबूत होते. दुसऱ्या पावसाळ्यात सांध्यावर अशी भेग पडली की रुपयाचं नाणं उभं जाऊन राहिलं, आन स्लॅबच्या जोडातून पाणी थेट गव्हाच्या कोठीवर. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत न्या, पण जुन्या पायाला लागून अख्खी चारी एकदम उघडू नका, तुकड्या-तुकड्यानं खोदा. भिंत न स्लॅब वेगळे ठेवा, मधात इंचभर फट, त्यात थर्माकोल, वरून पत्र्याची टोपी.

पावसाळ्यात रेतीचे घाट बंद असतात, रेती आधीच टाकून घ्या. पण विहीर एप्रिलात तळाला जात असेल तर स्लॅब त्याच्या आधी उरकायचा, क्युरिंगला, म्हणजे स्लॅब ओला ठेवायला, निदान 10 दिवस पाणी लागते न उन्हात ओली पोती झाकावी लागतात.

शेवटी पाण्याच्या नळीनं लेव्हल काढा न जुन्या फरशीची खूण भिंतीवर पेन्सिलनं मारून ठेवा. आमच्याकडं दीड इंचाचा फरक राहिला, आजी अजून तिथंच ठेचकाळते.